अंतरपाट आणि दृष्टिभय : विवाहविधी व लोकभ्रम यांचा एक तौलनिक विचार

१. विषयाची मांडणी

विवाहविधींचा अभ्यास आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी झालेला आहे. धर्मशास्त्राच्या अंगाने डॉ. पां. वा. काणे यांनी सूत्रे, स्मृती आणि निबंधग्रंथ यांतील विवाहसंस्काराचा तपशील एकत्र केला. समाजेतिहासाच्या व मानवशास्त्राच्या अंगाने वि. का. राजवाडे आणि इरावती कर्वे यांनी विवाहसंस्था व कुलसंबंध यांची चर्चा केली. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या विषयात आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. विधीबरोबर जे शब्द उच्चारले जातात, मंत्र, मंगलाष्टके, उखाणे, म्हणी, त्यांतून त्या विधीमागील भाव कोणता दिसतो, आणि तो भाव कोणाच्या वाट्याला कोणते ओझे देतो, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न संपूर्ण विवाहविधीच्या संदर्भात एका निबंधात हाताळणे शक्य नाही. म्हणून येथे केवळ एक विधी निवडला आहे. तो म्हणजे वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपाट. परस्परांचे पहिले दर्शन लांबविणे आणि ठराविक क्षणी ते घडवून आणणे, हा या विधीचा गाभा आहे. वधूच्या मुखावर आवरण घालणाऱ्या वा वधूवरांत पडदा धरणाऱ्या प्रथा अनेक समाजांत आढळतात, आणि त्यांच्या आसपास दृष्टीविषयीचे, विशेषतः वधूच्या दृष्टीविषयीचे व पायगुणाविषयीचे भ्रम वाढलेले दिसतात. विधी आणि भ्रम एकाच भयातून उगम पावत असले, तरी त्यांचे कार्य परस्परविरुद्ध आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. अंतरपाटाचा विधी

महाराष्ट्रातील प्रचलित विवाहविधीत वधू आणि वर समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या हाती हार असतात, मध्ये दोन जण वस्त्र धरतात. त्यावर बहुधा कुंकवाने स्वस्तिक रेखलेले असते. मंगलाष्टके म्हटली जातात, प्रत्येक अष्टकाच्या शेवटी उपस्थित मंडळी अक्षता टाकतात, आणि मुहूर्ताचा क्षण येताच अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजू लागतात, हार घातले जातात. पूर्वी हा क्षण घटिकापात्राने मोजीत. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची आणि ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आपल्या हिशेबाने २४ मिनिटे, झाली असे समजावयाचे. घटिकापात्र गेले, मनगटावरचे घड्याळ आले. परंतु क्षण चुकू नये ही व्यग्रता तशीच राहिली.

प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येणारा 'सावधान' हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. आज तो केवळ पालुपदासारखा ऐकला जातो. मुळात त्यात इशारा आहे : क्षण जवळ येत आहे, चित्त एकाग्र करा. रामदासस्वामी हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेले ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी लोकमनाने त्या शब्दातील इशारा किती गांभीर्याने ऐकला होता, हे तिच्यावरून दिसते. मंगल आणि सावध, हे दोन भाव आपल्या विवाहविधीत एकाच श्वासात उच्चारले जातात.

याच सावधपणाची इतर चिन्हे विधीभर पसरलेली आहेत. हळद लागल्यावर वधूवरांनी एकटे घराबाहेर पडू नये असा दंडक आहे. नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देण्याची रीत अनेक घराण्यांत होती व काही ठिकाणी आहे. मुंडावळ्या आणि बाशिंग यांनी वराचेही मुख अंशतः आच्छादिले जाते. गालावर काजळाची तीट लावणे, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे हे तर घरोघरचे आहे. येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या सर्व उपचारांत वधू आणि वर हे दोघेही संकटात आहेत असे गृहीत धरलेले आहे. दोघांनाही जपावयाचे आहे. भय बाहेरून येणाऱ्या दृष्टीचे आहे. परस्परांच्या दृष्टीचे नव्हे.

३. सूर्यासूक्तातील दोन दृष्टी

परस्परांच्या दृष्टीचे भय कोठे दिसते, हे पाहण्यासाठी प्राचीन मंत्रांकडे वळावे लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंच्याऐंशीवे सूक्त सूर्या आणि सोम यांच्या विवाहाचे आहे. विवाहविधीतील अनेक मंत्र या ४७ ऋचांच्या सूक्तातून घेतलेले आहेत. त्यातील तेहतिसाव्या ऋचेत वधूला 'सुमंगली' म्हटले असून सर्वांनी जवळ येऊन तिला पाहावे व सौभाग्य चिंतावे असे आवाहन आहे. पुढे चव्वेचाळिसाव्या ऋचेत तिची दृष्टी घोर नसो आणि ती पतीचा घात करणारी न होवो, अशी प्रार्थना येते. 'अघोरचक्षु' आणि 'अपतिघ्नी' ही त्या ऋचेतील दोन विशेषणे आहेत.

एकाच सूक्तात वधूला पाहण्याचे निमंत्रण आहे आणि तिच्या पाहण्याचे भयही आहे. गृह्यसूत्रकारांनी यातील दुसरा भाव विधीत नेमका बसविला. पारस्कर गृह्यसूत्राच्या पहिल्या कांडात वधूवरांनी परस्परांकडे पाहावयाचा, म्हणजे समीक्षणाचा, जो विधी सांगितला आहे, त्यात हीच ऋचा विनियोजिली आहे. अंतरपाटाचे वस्त्र सूत्रांपेक्षा उत्तरकालीन स्मृतिवाङ्मयात व प्रयोगग्रंथांत स्पष्टपणे पुढे येते. म्हणजे प्रथम समीक्षण, नंतर त्या समीक्षणास उठाव देणारा पडदा, असा हा क्रम दिसतो.

मंत्राचे रूप पाहता एक विषमता ध्यानात येते. तो वराच्या मुखी आहे आणि वधूला उद्देशून आहे. वराची दृष्टी घोर नसो, त्याने पत्नीचा घात न करावा, अशी वधूच्या मुखी घातलेली समांतर ऋचा या सूक्तात नाही. तथापि परंपरेत हा एकच स्वर आहे असे म्हणणे एकांगी होईल. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात पतिपत्नींसाठी एक लहानसा मंत्र आहे. त्यात आपणा दोघांचेही डोळे मधासारखे असोत अशी इच्छा व्यक्त झाली आहे. सर्वनामाच्या द्विवचनाने येथे भय नाहीसे झाले आहे आणि दृष्टी दोघांची झाली आहे. वधूच्या दृष्टीचे भय आणि दोघांच्या दृष्टीचे माधुर्य, असे दोन प्रवाह आपल्या परंपरेत आरंभापासून शेजारी शेजारी वाहत आहेत. पुढील काळात व्यवहाराने यातील कोणता प्रवाह अधिक वापरला, हा खरा प्रश्न आहे.

४. अन्य समाजांतील पडदे

अंतरपाटाला सर्वांत निकटचे साम्य पारशी विवाहविधीत आढळते. जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पारशी समाजाच्या धर्मविधींवरील १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विधीचे तपशीलवार वर्णन केले आहे. वधूवर समोरासमोर बसतात, मध्ये वस्त्र धरले जाते, त्यांच्याभोवती सुताचे सात वेढे घालतात. नंतर वस्त्र दूर होताच दोघेही हातातील तांदूळ परस्परांवर टाकतात. आधी कोणाचे तांदूळ पडतील याविषयी नातलगांत मोठी चुरस असते. ज्याचे आधी, त्याचे प्रेम वा वर्चस्व अधिक, असा समज आहे. या विधीस 'आरा अंतर' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरील शतकानुशतकांच्या सहवासात दोन धर्मांच्या विधींनी एकमेकांजवळ येणे स्वाभाविक होते. परंतु येथे पडद्यापाठी दोघेही समान तयारीत बसलेले असतात, हे ध्यानात घ्यावे. पहिल्या दर्शनाचे भय खेळात विरून जाते, आणि त्या खेळात जिंकण्याची संधी वधूलाही असते.

ज्यू परंपरेतील वधूचे आवरण वेगळ्या भयातून आले आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची कथा आहे. राहेलीसाठी सात वर्षे राबल्यावर त्याला तिच्या थोरल्या बहिणीशी, लेआशी, विवाहबद्ध करण्यात आले आणि हे त्याला सकाळी समजले. विधीपूर्वी वराने वधूचे मुख स्वतः पाहून मग तिच्यावर आवरण घालावे, या प्रथेचा संबंध परंपरेने या कथेशी जोडला आहे. येथे भय फसवणुकीचे आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठी. त्यांच्या लग्नातही मेंदीचा समारंभ असतो. मात्र विधीच्या वेळी वधू येऊ लागली की वराने तिच्याकडे पाहत हिब्रू स्तोत्र गाण्याची प्रथा त्यांच्यात आहे. शेजारी अंतरपाट धरणारे गाव असूनही पाहणे आणि गाणे एकाच वेळी घडू शकते, हे या समाजाने दाखविले.

कोकणाबाहेर, दूरच्या समाजांतही हेच सूत्र निराळ्या रूपांनी दिसते. प्राचीन रोममध्ये वधू ज्वाळेच्या वर्णाचे आवरण घेत असे. स्त्रीच्या विवाहासाठी लॅटिनमध्ये जे क्रियापद योजीत, त्या 'नूबेरे' या धातूचा संबंध रोमन कोशकारांनी आच्छादण्याशी जोडला होता. रोमन वधूला सासरचा उंबरठा उचलून ओलांडवीत, याचे कारण काय असावे, असा प्रश्न प्लुटार्कने उपस्थित करून त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. चीनमध्ये पारंपरिक विवाहात वधूचे मुख तांबड्या वस्त्राने झाकीत आणि वर ते तराजूच्या दांडीने उचलीत असे. इंग्लंडात व अमेरिकेत विवाहाच्या दिवशी विधीपूर्वी वराने वधूला पाहू नये, पाहिल्यास अशुभ, असा समज सुशिक्षितांतही टिकून आहे.

या सर्व प्रथांना एकच अर्थ लावणे योग्य होणार नाही. एडवर्ड वेस्टरमार्क यांनी विवाहविषयक विधींपैकी अनेकांचा उलगडा दुष्ट प्रभावांपासून संरक्षण या कल्पनेने केला. अर्नेस्ट क्रॉली यांनी १९०२ मध्ये स्त्रीपुरुषांच्या परस्परस्पर्शाविषयीच्या आदिम भयावर भर दिला. आर्नल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये अधिक व्यापक मांडणी केली. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो. त्या प्रवासात वियोग, उंबरठा आणि समावेश असे तीन टप्पे असतात, आणि उंबरठ्यावरचा माणूस संकटग्रस्त मानला जातो. अंतरपाट हा असा वस्त्राचा उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे दोन स्वतंत्र व्यक्ती असतात, पलीकडे दांपत्य.

५. विधी आणि लोकभ्रम यांतील भेद

व्हॅन गेनेप यांची मांडणी स्वीकारली तर विधी आणि लोकभ्रम यांतील भेद स्पष्ट करता येतो. विधी भय मान्य करतो, त्याला एक जागा व एक वेळ देतो आणि शेवटी त्याचे विसर्जन करतो. अंतरपाट कायमचा धरला जात नाही. तो दूर होण्यासाठीच असतो. घोर दृष्टीची प्रार्थनाही एकदा उच्चारली की संपते. मंत्र म्हटल्यानंतर वधू सुमंगलीच असते.

लोकभ्रम याच्या उलट वागतो. तो भयाला मुदत देत नाही. जे भय प्रसंगाचे होते ते तो व्यक्तीला चिकटवितो, आणि ती व्यक्ती बहुतेक ठिकाणी स्त्री असते. विवाहानंतर घरात मृत्यू घडला, गाय दगावली, धंद्यात खोट आली, तर ती 'पांढऱ्या पायाची' ठरते. पती वारला तर 'नवऱ्याला खाल्लान' हा शब्दप्रयोग सर्रास केला जात असे. या संदर्भात मराठीचा शब्दसंग्रह फार बोलका आहे. ज्याची पत्नी वारली आणि जो पुन्हा विवाहास उभा आहे, त्याला आपण 'बिजवर' म्हणतो. या शब्दात संख्या आहे, दोष नाही. बाळंतपणात एकामागून एक दोन-तीन बायका गेलेल्या पुरुषालाही बायको खाणारा म्हणण्याची रीत आपल्या भाषेत रुजली नाही.

धर्मशास्त्रातील दोन प्रतीकात्मक विवाहांतही हीच विषमता सूक्ष्म रूपाने दिसते. पुरुषाचा तिसरा विवाह अशुभ मानून प्रथम त्याचा रुईच्या झाडाशी अर्कविवाह लावावा आणि नंतरचा विवाह चौथा समजावा असे सांगितले आहे. कन्येच्या पत्रिकेत वैधव्ययोग असल्यास तिचा कुंभाशी विवाह लावण्याचे विधान आहे. दोन्ही ठिकाणी संकट निर्जीव वस्तूवर वा वृक्षावर ढकलले जाते. परंतु पहिल्या प्रकारात तिसरा हा आकडा अशुभ आहे; दुसऱ्यात कन्या अशुभ आहे. पुरुषाचा दोष गणिताने फेडता येतो. कन्येचा दोष तिच्या जन्मक्षणातच शोधला जातो.

६. मंगळ आणि अग्नि-अश्व

जन्मक्षणात दोष शोधण्याचे आपल्याकडील सर्वपरिचित उदाहरण मंगळाचे आहे. प्रचलित नियमानुसार पत्रिकेच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी मंगळ असल्यास तो दोष समजतात. बारांपैकी ही पाच स्थाने झाली. मंगळ कोणत्याही स्थानी सारख्याच वेळा येतो असे धरले, तर शेकडा ४१ ते ४२ माणसे मंगळाची ठरतील. इतक्या लोकांच्या जोडीदारांना अपमृत्यू येतो असे कोणीही म्हणणार नाही. नियम मुलगा व मुलगी या दोघांनाही सारखाच लागू आहे. प्रत्यक्षात 'मंगळाची मुलगी' हा शब्दप्रयोग जितका कानावर येतो, त्याच्या शतांशानेही 'मंगळाचा मुलगा' येत नाही. मुलीची जन्मवेळ थोडी पुढेमागे करून पत्रिका मांडून घेणारे वडील हे त्या भ्रमाचे बळी असतात आणि वाहकही असतात.

असाच भ्रम एका संपूर्ण राष्ट्राच्या जन्मनोंदीत कसा उमटतो, याचे विलक्षण उदाहरण जपानमध्ये सापडते. चिनी पंचांगपद्धतीतील साठ वर्षांच्या चक्रात एक वर्ष अग्नि-अश्वाचे येते. जपानीत त्याला 'हिनोए-उमा' म्हणतात. या वर्षी जन्मलेली स्त्री उग्र स्वभावाची असते आणि पतीचे आयुष्य खाते, असा समज तेथे दृढ होता. 'अपतिघ्नी' या विशेषणामागील भय येथे पंचांगाच्या एका पानावर बसलेले दिसते. १९०६ साली असे वर्ष आले, तेव्हा अनेक मुलींचे जन्म मागच्या वा पुढच्या वर्षी नोंदविले गेले. १९६६ मध्ये पुन्हा अग्नि-अश्व वर्ष आले. १९६५ मध्ये जपानात सुमारे १८ लाख २० हजार जन्म झाले होते. १९६६ मध्ये ते सुमारे १३ लाख ६० हजारांवर आले, आणि १९६७ मध्ये १९ लाख ३० हजारांच्या पुढे गेले. ज्या देशात आगगाड्या ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावू लागल्या होत्या, तेथे एका वर्षी पाळणे चतुर्थांशाने कमी हलले. या चक्रातील त्यानंतरचे अग्नि-अश्व वर्ष २०२६ हे आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकरणात विशेष लक्ष घालावे असे कारण आहे. हा भ्रम पसरविण्यात साहित्याचा मोठा हात होता. १६८३ मध्ये एदो नगरीत ओशिची नावाच्या एका भाजीविक्रेत्याच्या मुलीला आग लावल्याबद्दल देहांताची शिक्षा झाली. प्रियकराची पुन्हा भेट व्हावी म्हणून तिने हे केले असे सांगत. इहारा साइकाकू या थोर कथाकाराने १६८६ मध्ये आपल्या पाच प्रेमिकांच्या कथासंग्रहात तिला स्थान दिले. पुढे बाहुल्यांच्या खेळांनी व काबुकी नाटकांनी ती घरोघर पोचविली. ती १६६६ च्या अग्नि-अश्व वर्षी जन्मली होती, असे मानले जाऊ लागले. वास्तविक तिने कोणत्याही पतीचा घात केलेला नव्हता. परंतु एका दुर्दैवी मुलीच्या करुण कथेचे रंगभूमीवर इतके प्रभावी दर्शन घडले की, त्या वर्षी जन्मलेल्या सर्वच मुलींवर तिची छाया पडली. साहित्य भ्रमाला पुरावा पुरवू शकते, हा धडा विसरता येण्यासारखा नाही.

७. नामभय, उखाणा आणि आत्मचरित्र

तथापि साहित्य भ्रमाचे विसर्जनही करू शकते, आणि त्याची उदाहरणे मराठीत आहेत. दृष्टिभयाचे भावंड म्हणजे नामभय. पत्नीने पतीचे नाव घेतल्यास त्याचे आयुष्य उणे होते, या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या ओठांवर अंतरपाट धरलेला होता. उखाण्याने त्यात एक वाट काढली. नाव घ्यावयाचे, पण यमकाच्या आडून. तेही इतरांच्या आग्रहावरून, हसण्याखिदळण्यात. उखाणा हा विधीच्या जातीचा आहे. तो भय नाकारीत नाही. त्याला एक प्रसंग देतो आणि त्याचे रूपांतर खेळात करतो. पारशी विवाहातील तांदळांच्या चुरशीशी त्याचे नाते आहे. शिवाय उखाणा रचणारी स्त्री असते. ज्या ठिकाणी तिला मौन सांगितले होते, त्याच ठिकाणी तिची पहिली रचना जन्माला येते, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासाने अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी.

स्त्रियांच्या आत्मचरित्रांत याच नामभयाचे पुढील टप्पे दिसतात. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात न्यायमूर्तींचा निर्देश 'स्वतः' या सर्वनामाने येतो. सुधारकाच्या घरातील, सभांतून बोलणारी ही विदुषीसुद्धा नावाच्या उंबरठ्याशी थांबते. पुढे १९३४ पासून क्रमाक्रमाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त लक्ष्मीबाई टिळक आपल्या पतीला सरळ 'टिळक' म्हणतात, त्यांच्या विक्षिप्तपणाला हसतात, त्यांच्यावर रागावतात. दोन पुस्तकांमध्ये चोवीस वर्षांचे अंतर आहे. त्या अंतरात एक पडदा सरकलेला आहे, आणि तो कोणत्याही भटजीने नव्हे, तर स्त्रीच्या गद्याने सरकविला.

८. 'शारदा' आणि सत्यशोधक मंगलाष्टके

मराठी रंगभूमीवर विवाहप्रसंगाचा सर्वांत समर्थ उपयोग गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' या १८९९ च्या नाटकात झाला. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ पाहतो. नाटकाने बालाजरठविवाहाविरुद्ध जनमत घडविले, हे सर्वमान्य आहे. परंतु ते लग्न मोडते कशाने, हे पाहण्यासारखे आहे. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून ते मोडते. मुलीचे वय, तिचे अश्रू, तिची नापसंती यांपैकी एकही कारण त्या मंडपात पुरेसे ठरले नसते. देवलांनी आपल्या समाजाचे हे मर्म अचूक ओळखले होते : लग्न थांबवावयाचे तर शास्त्राचा आधार हवा, मुलीचा शब्द चालत नाही.

मुलीचा शब्द चालेल असा विधी रचण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच झालेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ब्राह्मण पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीच्या पूजाविधींसह मंगलाष्टके प्रसिद्ध केली. त्यांची रचना पारंपरिक मंगलाष्टकांपासून एका मूलभूत बाबतीत भिन्न आहे. पारंपरिक अष्टकांत पुरोहित व आप्त वधूवरांना आशीर्वाद देतात, वधूवर ऐकतात. फुल्यांच्या अष्टकांत वधू आणि वर परस्परांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न वरासमोर मांडते आणि वर त्या हक्कांसाठी झटण्याचे वचन देतो. वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर स्तोत्राचा संवाद झाला. विधीच्या दृष्टीने पाहिले तर ज्या क्षणी वधूची दृष्टी घोर नसावी म्हणून प्रार्थना होत असे, त्याच क्षणी तिला वाणी मिळाली. अथर्ववेदातील मंत्राचे द्विवचन येथे, अर्थात सर्वस्वी वेगळ्या वैचारिक भूमीवर, सामाजिक करार म्हणून अवतरते.

फुल्यांनी विधी नष्ट केला नाही, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. मंगलाष्टके ठेवली, समारंभ ठेवला. माणसाला उंबरठा ओलांडताना शब्दांची आणि साक्षीची गरज असते, हे त्यांनी जाणले होते. त्यांनी बदल केला तो शब्द कोणाच्या मुखी असावेत या बाबतीत.

९. समारोप

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. अंतरपाट, पारशी आरा अंतर, ज्यू वधूचे आवरण, चिनी वधूचे तांबडे वस्त्र, या सर्वांच्या मुळाशी अवस्थांतराचे भय आहे. ते भय मानवी आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. विधी ते भय दोघांत किंवा सर्वांत वाटून घेतो आणि क्षणात विसर्जित करतो. लोकभ्रम ते एका व्यक्तीच्या, बहुधा स्त्रीच्या, डोळ्यांत, पायांत वा जन्मवेळेत कायमचे साठवून ठेवतो. म्हणून एखादी प्रथा जुनी आहे की नवी, आपली आहे की परकी, याहून ती भयाचे ओझे कोणावर ठेवते, हा प्रश्न तिच्या मूल्यमापनासाठी अधिक उपयुक्त आहे.

या कसोटीवर आपल्या विवाहमंडपातील एक जागा अद्यापि रिकामी दिसते. पती हयात नसलेल्या आईने मुलीच्या लग्नात मंगलकार्यापासून दूर राहावे, अक्षतांच्या वेळी मागे, आतल्या खोलीच्या दाराशी उभे राहावे, ही रीत अनेक घरांत अजूनही पाळली जाते. मुलीला वाढविणारी, तिच्या लग्नासाठी पैसा जमविणारी ती स्त्री त्या क्षणी आपल्याच मुलीला अशुभ ठरते. वधूवरांमधील वस्त्र दूर होते. आई आणि मुलगी यांच्यामधील वस्त्र तसेच राहते. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. ठरावाने मन एका दिवसात बदलत नाही, हे खरे. परंतु मृत्यूच्या प्रसंगी कुंकू राहिले, तर विवाहाच्या प्रसंगी त्या स्त्रीला मागे सारण्याचे कारणच उरत नाही. दोन संस्कारांचे हे नाते ग्रामसभेला उमगले, याचे महत्त्व मोठे आहे.

सूर्यासूक्तात सर्वांनी जवळ येऊन वधूला पाहावे असे आवाहन आहे. त्या 'सर्वांनी' या शब्दात वधूची आई येते किंवा नाही, याचे उत्तर ग्रंथांत शोधण्याची आवश्यकता नाही. ते प्रत्येक मंडपात, अक्षता वाटणाऱ्या हातांनी द्यावयाचे आहे.